खद्राला मागणी

सल्त, ११ नोव्हेंबर १९७७

आत्या,

सलाम आणि दोन्ही गालांवर मुके. आधी बातमी, मग तुझ्या गुडघ्यांची चौकशी. रुदैनाला दिवस गेलेत. मे महिन्यात मी बाप होणार! आईने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने खालच्या आळीत, आणि मी शाळेतून परत येईपर्यंत भाजीवाल्याने मला फुकट डाळिंब दिलं. एरवी हा माणूस कोथिंबिरीची काडी सोडत नाही.

बाबांचे पाय तर जमिनीला लागत नाहीत. आजपासून मला 'अबू अवाद' म्हणायचं, अवादचा बाप, असं त्यांनी घरात फर्मान काढलंय. नातवाला आजोबाचं नाव द्यायचं, हे त्यांच्या मनात कधीच पक्कं झालंय. पण गावाचं काय करणार? गाव गेली सहा वर्षं मला 'अबू खद्रा' म्हणतं, खद्राचा बाप. दुकानात, मशिदीच्या पायऱ्यांवर, शाळेत सातवीची पोरंसुद्धा पाठीमागून हेच म्हणतात. बाबांच्या कानावर आलं की ते म्हणतात, "माझं नाव एका मोटारीने खाल्लं."

खद्रा म्हणजे कोण हे तुला सांगायला नको. गाडीला तुझं नाव दिलं म्हणून तू वर्षभर माझ्याशी अबोला धरला होतास, ते मी विसरलेलो नाही. पण आत्या, गाडी हिरवी, म्हणून खद्रा. हिरवीला आणखी काय म्हणायचं?

आता सगळ्यांचं एकच टुमणं: गाडी विक. दोनच सीट, टप कापडाचं, बाळाला कुठे ठेवणार? मी मोजमाप घेतलंय. सीटांच्या मागे जो कट्टा आहे तिथे दोन कलिंगडं आरामात बसतात. बाळ दोन कलिंगडांपेक्षा मोठं नसतं. मी तिथे वेताची टोपली बसवणार आहे, पट्ट्याने बांधून. रुदैना हे ऐकून नुसती हसली. ती काही साधी बाई नाही. आमच्या निकाहानंतर पहिल्यांदा शुऐबच्या घाटातून उतरताना इतर कुठलीही मुलगी डोळे मिटून बसली असती. ही म्हणाली, "पुढचं वळण मी घेऊ का?"

तर खद्रा जाणार नाही, एवढं सांगायला हे पत्र.

तुझा,
नायफ

कुवेत, २७ नोव्हेंबर १९७७

चिरंजीव नायफ,

पोटभर आशीर्वाद. रुदैनाला माझ्याकडून जवळ घे आणि सांग की पहिल्या महिन्यांत लिंबू चोखावं, सासूचे सल्ले चोखू नयेत.

आता तुझी टोपली. मी शाळा चालवते, पस्तीस वर्षं पोरंच बघतेय. बाळ एकटं कधी येत नाही. ते आईला, आजीला, दुपट्यांच्या गाठोड्याला आणि सासूच्या मतांना घेऊन येतं. कलिंगडाला ताप येत नाही. कलिंगडाला बघायला मादबाहून मावशा येत नाहीत. तू भूगोल शिकवतोस, निदान एवढी जागा तरी मोजता यायला हवी होती.

आणि नावाचं म्हणशील तर माझा राग अजून गेलेला नाही. इथे सल्तहून कोणी आलं की पहिलं वाक्य असतं, "खद्रा परवा घाटात तापली होती," "खद्राच्या पोटातून तेल गळतंय," "नायफने खद्राला नवीन टायर घातले." गेल्या वर्षी माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा नवरा तिकडे जाऊन आला, त्याने सगळ्या स्टाफरूममध्ये सांगितलं की तुमच्या भाच्याने खद्राला उन्हात उघडी उभी केली होती. मी मुख्याध्यापिका आहे रे!

पण गाडी विक असं मी म्हणणार नाही. तुझा बाप म्हणतोय, तुझी आई म्हणतेय, अख्खं गाव म्हणतंय, तेवढे पुरेत. मी फक्त विचारते: ती ठेवण्यात नक्की काय ठेवतोयस तू?

थंडी सुरू झाली असेल. सल्तचे मनुके कोणी येत असेल तर पाठव.

तुझी आत्या

सल्त, १४ जानेवारी १९७८

आत्या,

मनुके सालिम ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. पुडीतले त्याने वाटेत खाल्ले तर कळावं म्हणून पुडीवरची गाठ नीट बघ: माझी गाठ दुहेरी असते.

मागच्या आठवड्यात शुक्रवारी आम्ही खाली खोऱ्यात संत्री आणायला गेलो, मी आणि रुदैना. दर जानेवारीचा आमचा नेम तुला माहीत आहे. इथे वर नाकाचा शेंडा गोठतो, आणि घाट उतरून अर्ध्या तासात कान बंद होतात, कोट काढावा लागतो, दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा. टप उघडलं. रुदैनाने डोक्याचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला आणि बागवानाकडून घेतलेली संत्री मांडीवर घेऊन सोलत बसली, एक फोड मला, एक स्वतःला, आणि एक पोटावर ठेवून म्हणाली, "ही त्याची." आत्या, या जगात मला कोणाचा हेवा वाटत नाही, तो त्या रस्त्यामुळे. मी मास्तर आहे, पगार मास्तराचा आहे, घर बापाचं आहे. पण त्या वळणांवर मागे शेपूट जराशी सुटते आणि मी तिला बोटांवर परत आणतो, तेव्हा वाटतं की एक गोष्ट तरी अशी आहे जी सल्तमध्ये माझ्यासारखी कोणाला येत नाही. येताना थोडा उशीर झाला, बाकी सगळं छान.

एक गिऱ्हाईक आलं होतं. औषधांच्या दुकानाचा मालक. आला, टायरला बुटाने टोचून बघितलं, दार दोनदा आपटलं आणि म्हणाला, "बाप होणारा माणूस घाईत असतो, भाव तुम्हीच जरा खाली आणा." मी त्याला सांगितलं, भाव राहू दे, तूच खाली जा, पायऱ्या तिकडे आहेत. बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तू विचारलंस, मी काय ठेवतोय. त्याचं उत्तर अजून सुचलेलं नाही. सुचलं की लिहितो.

नायफ

कुवेत, २८ जानेवारी १९७८

नायफ,

मनुके पोचले. गाठ दुहेरी होती. सालिमने मनुके खाल्ले नाहीत, पण तोंडही बंद ठेवलं नाही.

"थोडा उशीर झाला." हो ना? वर येताना गारपीट लागली, टप अर्ध्यात अडकलं, खालीही जाईना, वरही येईना, आणि पाच महिन्यांची पोटुशी बाई गारा अंगावर घेत बसली. तू तुझा कोट तिच्या डोक्यावर धरलास आणि एका हाताने घाट चढलास. सालिमच्या टेम्पोने तुम्हाला ओलांडलं, त्याने थांबून ताडपत्री दिली, तेव्हा ती घरी पोचली. मग चार दिवस ताप. डॉक्टर दोनदा आला. हे सगळं मला परका माणूस माझ्या दिवाणखान्यात चहा पिताना सांगतो, आणि माझा भाचा मला संत्र्याच्या फोडी मोजून दाखवतो.

रागावून लिहीत नाहीये. होते रागावलेली, चार दिवस थांबले, मग कागद घेतला. तुला मी लहानपणापासून ओळखते. तू जे सांगत नाहीस ते तुला जास्त लागलेलं असतं. लागलंय ना? मग सरळ सांग. गाडी जायला हवी हे तुला कळलंय. तरी कशाला अडून बसलायस?

तुझी आत्या

सल्त, ११ फेब्रुवारी १९७८

आत्या,

लागलंय. रुदैना बरी आहे, बाळ लाथा मारतंय, देवाची कृपा. पण त्या घाटात तिचे दात वाजत होते तो आवाज जात नाही कानातून. ती वरून मलाच म्हणत होती, "रस्त्याकडे बघ, माझ्याकडे नको."

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, विकतो. ती उठून बसली, अंगात ताप असताना. म्हणाली, "माझ्या नावावर नाही विकायची. उद्या म्हातारा झालास की शेजाऱ्यांना सांगत बसशील, एक गाडी होती, बायकोपायी गेली. मी कोणाच्या हातातलं काही काढून घ्यायला आलेली नाही या घरात. तुला नको असेल तर विक. मला कारण करू नकोस." आता सांग, ही बाई आहे की वकील?

आणि मला ती नको आहे का? नाही ना. मला ती हवीच आहे. खोटं कसं बोलू तिच्याशी?

तू विचारलंस कशाला अडून बसलोय. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. विकली की औषधवाला हसेल. सगळा बाजार हसेल. म्हणतील, बघा, आला जमिनीवर. तेही चालेल एक वेळ. पण आत्या, त्या दिवसापासून मला 'अबू खद्रा' कोणी म्हणणार नाही. मी अवाद यांचा मुलगा, मग अवादचा बाप. दोन्ही बाजूंनी बाबाच. मधलं माझं जे होतं ते तेवढंच होतं. चेष्टेने मिळालेलं असेल, पण मी मिळवलेलं होतं. ते भाव करून, टायरला लाथ मारून घेणाऱ्याला विकायचं?

हे कोणाला दाखवू नकोस.

नायफ

कुवेत, २५ फेब्रुवारी १९७८

नायफ,

कळलं. रुदैना मला आवडते. तू नशीबवान आहेस, आणि जरा मूर्खही.

आता काही करू नकोस. गाडी धुऊन पुसून ठेव, घरात वाद घालू नकोस, औषधवाल्याच्या दुकानासमोरून हॉर्न वाजवत जाऊ नकोस.

जाता जाता विचारते, तो अबू सायल अजून आहे का? उतारावरच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचा. त्याच्याकडे एक मोठी काळी जर्मन गाडी होती, चार दारांची, म्हशीसारखी चालायची. सहज आठवलं.

तुझी आत्या

सल्त, २२ एप्रिल १९७८

आत्या,

बस. पाणी पी. मग वाच.

गेल्या सोमवारी बाबांना निरोप आला: शुक्रवारी दुपारच्या दुसऱ्या नमाजानंतर अबू सायल जाहा घेऊन तुमच्या दारी येतोय. जाहा म्हटल्यावर घरात काय झालं असेल तू जाणतेस. गावातली वजनदार म्हातारी माणसं एकत्र निघून कोणाच्या दारी येतात ती एक तर रक्ताचं भांडण मिटवायला, नाही तर मुलगी मागायला. भांडण आमचं कोणाशी नाही. मग उरली माझी बहीण नजाह. अबू सायलचा धाकटा रकान कैरोहून दातांचा डॉक्टर होऊन आलाय, लग्नाचा आहे. आईने पडदे धुतले. नजाह वरवर म्हणत होती, "मला शिकायचंय, मी नाही म्हणणार," आणि आत जाऊन दोनदा कपडे बदलले.

शुक्रवारी आले. पंचवीस-तीस माणसं, सगळे अंगरखे घालून, पुढे अबू सायल काठी टेकत. बाबांनी स्वतः कॉफी ओतली. अबू सायलने कप घेतला, ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. सगळ्यांनी ठेवले. आता मागणं मान्य झाल्याशिवाय कोणी घोट घेणार नाही. खोलीत वेलदोड्याचा वास.

अबू सायल म्हणाला, "अबू नायफ, तुमच्या घरचं मीठ आमच्या वाडवडिलांनी खाल्लंय. आज आम्ही मान घेऊन आलोय, मान देऊन जाऊ. आम्ही तुमच्या घरच्या खद्राला मागणी घालायला आलोय."

आत्या, बाबांच्या हातातली किटली हलली. म्हातारे होते ते सगळे एकदम खाली बघायला लागले. मला वाटलं कोणाला झटका आला की काय. मग अबू सायलने मान वळवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "खद्राचा बाप तू ना? मग उत्तर तू दे."

आणि हसण्याचा जो स्फोट झाला! पण तो हसला नाही. तो तसाच, काठीवर दोन्ही हात ठेवून, माझ्या उत्तराची वाट बघत बसला. मग खोली आपोआप गप्प झाली. तेव्हा मला कळलं की हा माणूस चेष्टा करत नाहीये. माझ्या दारी सल्तचे सगळे पांढरे केस येऊन बसलेत आणि माझी मुलगी मागताहेत. मी ताठ झालो. म्हटलं, मुलगा काय करतो?

"दात काढतो."

"व्यसन?"

"सिगारेट ओढतो."

"तिच्यात बसून ओढायची नाही. तिचं आतलं कातडं जुनं आहे."

"लिहून घे," अबू सायल रकानला म्हणाला. रकान दाराजवळ लाल होऊन उभा होता.

मी म्हटलं, "रात्री उघड्यावर ठेवायची नाही. शेळ्या न्यायच्या नाहीत. आणि चौथ्या गिअरला जरा चुकते, तिला शिव्या द्यायच्या नाहीत."

"सून म्हणून नेतोय," अबू सायल म्हणाला, "मोलकरीण म्हणून नाही."

मग मी म्हटलं, मुलीच्या आईला विचारल्याशिवाय मी शब्द देत नाही. आत गेलो. रुदैना गादीवर टेकून बसली होती, पोटावर हात. तिने सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, काय करू? तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "विकत घ्यायला आलेत का?" म्हटलं, नाही, मागायला आलेत. "तुझ्याकडे मागायला?" हो. "मग दे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मान राखून मागितलेली मुलगी कोणी अडवून ठेवतं का? पण माहेरपणाला आली पाहिजे. दर जानेवारीत एक शुक्रवार. खोऱ्यात मी चालवणार." आणि मी उंबरठ्यावर पोचलो तर मागून, "आणि साटंलोटं करा म्हणावं! त्यांची काळी आपल्याकडे येऊ दे!"

हे बाहेर सगळ्यांनी ऐकलं. अबू सायल पहिल्यांदा हसला. म्हणाला, "माझी काळी तरुण नाही, जोरात पळत नाही. पण तिने माझी पाच पोरं, दोन सुना आणि सात बोकड वाहिलेत, कधी रुसली नाही. बाळ एकटं कधी येत नाही बाबा, ते आईला, आजीला, दुपट्यांच्या गाठोड्याला आणि सासूच्या मतांना घेऊन येतं. सगळे मावतील."

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं."

सगळेच्या सगळे कप एकदम उचलले गेले. आईने नजाहच्या लग्नासाठी जपून ठेवलेली आनंदाची ललकारी तिला आवरेना, तिने ती गाडीवर खर्च केली. नजाह दारात येऊन म्हणाली, "वा! माझ्या आधी गाडीला स्थळ आलं!" रकान तिच्याकडे बघत होता असं रुदैना म्हणते. मी कशाला बघतोय, मी माझ्या दुःखात होतो.

पाठवणी केली. नजाहने बोनेटवर तांदूळ टाकले. मी किल्ली दिली. रकानने काळजीने, म्हाताऱ्यासारखी, हळूहळू ती गल्लीतून नेली, आणि वळणावर हॉर्न वाजवला. मला रडू आलं, आत्या. पण ताठ उभा राहून रडलो, आणि औषधवाला त्याच्या दुकानाच्या दारातून बघत होता, त्याने टोपी काढली.

आता तुला दोन प्रश्न. पहिला: सासूच्या मतांचं ते वाक्य अबू सायलला कुठून मिळालं? ते तुझं आहे, शब्दन् शब्द. दुसरा: बाबांच्या हातातली किटली का हलली? मी विचारलं तर म्हणाले, "हे वाक्य या खोलीत पूर्वी एकदा बोललं गेलंय," आणि नमाजाला निघून गेले.

नायफ

कुवेत, ६ मे १९७८

नायफ,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, मीच. तुला विकण्यात कमीपणा वाटत होता, रुदैनाला कारण होण्यात. मग कोणीतरी येऊन मागायला हवं होतं. मी अबू सायलला लिहिलं की तुझ्या रकानला एक चांगली गाडी हवी असेल आणि माझ्या भाच्याला एक मोठी, तर जाहा घेऊन जा, पोराची मान उंच राहील. एवढंच लिहिलं होतं.

'तुमच्या घरच्या खद्राला मागणी घालायला आलोय' हे मी लिहिलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं.

दुसरं उत्तर मग तुला आपोआप मिळतं. त्याच खोलीत, मी एकोणीस वर्षांची असताना, त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी हेच वाक्य माझ्या वडिलांना म्हटलं होतं. तुझा बाप बारा वर्षांचा, कॉफी वाटत होता. तुमच्या पिढीला वाटतं माझ्या वडिलांनी नकार दिला. त्यांनी नाही दिला, मी दिला. मुलगा चांगला होता, त्याच्यात काही खोट नव्हती. मला जेरुसलेमला जाऊन शिक्षिका व्हायचं होतं. मी आतून निरोप पाठवला: मला शिकायचंय. माझ्या वडिलांनी तो निरोप ऐकला, गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मुलगी नाही म्हणते." कॉफी गार झाली. एका मुलीच्या शब्दासाठी! त्या काळात! लोक वर्षभर त्यांच्याकडे पाठ फिरवून बसायचे, आणि ते मला खच्चरावर बसवून स्वतः लगाम धरून बसगाडीपर्यंत सोडायला गेले, सगळ्या बाजारातून, मुद्दाम.

मला मूल झालं नाही, हे तुला माहीत आहे. लोक त्याची हळहळ करतात. मी करत नाही. मला असा बाप होता, मला ते पुरलं.

अबू सायलने चाळीस वर्षांनी तेच वाक्य म्हटलं, आणि या वेळी कॉफी प्याला, याचं मला हसू येतं आणि बरंही वाटतं. याहून जास्त खोदू नकोस.

रुदैनाची काळजी घे. तार कर.

तुझी आत्या

सल्त, २ जून १९७८

आत्या,

तार मिळाली असेल. तारेत एवढंच मावलं: मुलगी, दोघी सुखरूप. आता बाकीचं.

दवाखान्याच्या बाकावर मी, बाबा, आई, रुदैनाची आई, नजाह, दुपट्यांचं गाठोडं आणि सासूबाईंची मतं. नर्स बाहेर आली, आवाज खाली घेऊन म्हणाली, "मुलगी झाली. देव पुढच्या वेळी मुलगा देईल." बाबा जपमाळ मोजत राहिले. सासूबाई म्हणाल्या, शहाजिऱ्याची खीर आता करायची का, ती तर मुलग्यासाठी करतात. मी उभा राहिलो. म्हटलं, मोठं पातेलं काढा, अक्रोड मी आणतो, सगळ्या गल्लीला पुरेल एवढी करा.

मग मी आत गेलो. आत्या, तिचं नाक तुझं आहे. तुला आवडो न आवडो.

रुदैनाने विचारलं, "नाव?" मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं होतं, खच्चरापासून बाजारापर्यंत सगळं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुझं तोंड सांगतंय. जुनं नाव आहे, शाळेत मुली चिडवतील." मी म्हटलं, चिडवू दे, ती मुख्याध्यापिका झाली की बघून घेईल. ती हसली आणि म्हणाली, "ठेव."

बाहेर येऊन बाबांना सांगितलं. त्यांना वाटलं मी अजून गाडीसाठी झुरतोय. त्यांचा चेहरा असा पडला! "माझ्या नातीला मोटारीचं नाव?" मी म्हटलं, बाबा, तुमच्या बहिणीचं. ज्या दिवशी कॉफी गार झाली त्या दिवसाचं. त्यांनी जपमाळ खिशात घातली आणि जिन्याने खाली गेले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, काही नाही. गल्लीतल्या बायका येऊन म्हणत होत्या, पुढच्या वेळी, पुढच्या वेळी. मी प्रत्येकीला खिरीची वाटी देत होतो आणि सांगत होतो, या वेळीच झालंय, पोटभर खा.

तिसऱ्या दिवशी घरी आणायची होती. मी काळी दवाखान्यासमोर उभी केली. मागे रुदैना, बाळ, दोन्ही आज्या, नजाह. सगळे मावले, गाठोड्यासकट. पुढे बाबांची जागा. ते उशिरा आले, इस्त्रीचा अंगरखा, डोक्यावर पांढरा रुमाल, जणू जाहाला निघालेत. मागचं दार उघडून बाळाच्या कपाळावर हात ठेवला, ओठ हलले, मग पुढे येऊन बसले.

मी म्हटलं, मागच्या रस्त्याने जाऊ, चढ कमी आहे.

"बाजारातून," बाबा म्हणाले.

बाजारातून निघालो. गर्दी, हातगाड्या, आणि ही म्हशीच्या चालीची गाडी. बाबांनी काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. भाजीवाला पुढे आला, "मुबारक, मुबारक! मग काय, अबू अवाद म्हणायला अजून वाट बघायची?" मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी बाबा बोलले. सहा वर्षांत जे नाव त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, ते घेतलं. मोठ्याने, औषधवाल्याच्या दुकानापर्यंत जाईल असं.

"त्याचं नाव ठरलंय," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल, अबू खद्रा. हळू घे. मुलगी झोपलीये."

तुझा भाचा,
अबू खद्रा